काचेची साक्ष

कुठल्याही घरात शिरण्याआधी ते उंबऱ्याबाहेर थांबून वास घ्यायचे. घरमालक आतून "या ना साहेब" म्हणत असायचा, त्याची बायको पंखा लावायला धावायची, आणि हे गृहस्थ चौकटीत मान थोडी वर करून उभे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, सर्दी झाली असेल. आत गेल्यावर ते हळूच मला म्हणाले, "ताज्या चुन्याचा वास आहे. आपण येणार हे यांना कालच कळलंय. ऑफिसातून कोणी सांगितलं असेल?" आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी काहीही सांगितलेलं नसताना माझे कान गरम झाले.

मी तेव्हा नगररचनेच्या ऑफिसात कनिष्ठ अभियंता म्हणून नुकतीच लागले होते. गाव मनमाड, वडील रेल्वेत, नाशकात ओळखीचं कोणी नाही. पहिल्या दिवशी मला त्यांच्या समोरच्या टेबलावर बसवलं. त्यांनी माझं नाव विचारलं नाही. "जुन्या नाशकात पाहुणे कोण आहेत तुमचे?" असं विचारलं. कोणीच नाही म्हटल्यावर, "सासरकडून?" लग्न झालेलं नाही म्हटल्यावर म्हणाले, "होईल तेव्हा कळवा." मला वाटलं, माणूस कोरडा दिसतो पण लग्नाला येणार म्हणतोय. पुढं समजलं की त्यांना पत्रिका नको होती, सासरच्या घराचा पत्ता हवा होता; त्या घराची फाइल माझ्या हातात येऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला टेप दिली आणि ऑफिसचाच दरवाजा मोजून आणायला सांगितलं. मी मोजला, आकडा सांगितला. "टेप तपासली?" नव्हती तपासली. टेपचं पहिलं टोक त्यांनीच कधीतरी कापून ठेवलं होतं. ती शून्यापासून नाही, दहापासून सुरू होत होती. "मी दिलेल्या वस्तूवरसुद्धा विश्वास ठेवायचा नाही," असं म्हणून त्यांनी दुसरी, चांगली टेप पुढं केली. तीही मी त्यांच्यासमोर उलगडून तपासली. त्या दिवशी ते मला पहिल्यांदा जरा खूश दिसले.

हुद्द्यानं ते साधे आरेखक, म्हणजे नकाशे काढणारे. पण जुन्या गावातल्या ज्या इमारती वारसा यादीत आहेत, त्यांत खिडकी बदलायची झाली, कौलं काढून पत्रा टाकायचा झाला, पुढचा रंग बदलायचा झाला, तरी आमच्या ऑफिसची परवानगी लागते. त्या परवानगीच्या फाइलवर पहिला शेरा त्यांचा. वर बसणारे साहेब बदलत, वारसा समितीतली माणसं बदलत, शेरा मात्र वर्षानुवर्षं त्याच बारीक, डावीकडे झुकलेल्या अक्षरात. आम्ही तोंडावर त्यांना सर म्हणायचो. पाठीमागे सगळं ऑफिस त्यांना काचवाले म्हणायचं.

ते नाव पडलं त्यांच्या पिशवीमुळं. खांद्याला खाकी पिशवी, तिच्यात छोटी थापी, डब्यात कोरडं सिमेंट, पाण्याची बाटली आणि जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेल्या काचेच्या पट्ट्या. बोटभर रुंद, वीतभर लांब. फोटोच्या फ्रेमची पातळ काच कापून ते स्वतः करायचे. भिंतीला भेग दिसली की तिच्यावर आडवी काच धरायची, दोन्ही टोकं सिमेंटच्या गोळ्यांनी भिंतीला चिकटवायची आणि ओल्या सिमेंटवर खिळ्यानं तारीख कोरायची. भेग जुनी आणि स्वस्थ असेल तर काच वर्षभर तशीच राहते. भिंत केसभर जरी सरकली तरी काचेला तडा जातो. ही युक्ती काही त्यांनी शोधलेली नव्हती, पुस्तकात आहे. पण पुस्तकातली माणसं काच लावून निश्चिंत होतात. आमचे सर काच लावल्यावर काळजीला लागायचे, कारण त्यांच्या मते खरा खेळ आता सुरू होणार असायचा.

खेळ असा की यादीतली इमारत पाडता येत नाही. पण ती धोकादायक ठरली, तर उतरवावीच लागते. मग मोकळ्या जागेवर काय उभं राहतं ते सांगायला नको. त्यामुळं आपली भिंत पडायला आलीय हे सिद्ध करण्यात काही मालकांना भारी रस असायचा. "घर पडू नये म्हणून देवाला नवस करणारी माणसं मी पाहिलीत," सर म्हणायचे, "आणि पडावं म्हणून करणारीही. नारळ दोघांचे सारखेच असतात."

लोक व्हॉट्सॲपवर भेगांचे फोटो पाठवू लागले तेव्हा तर त्यांना पर्वणीच. फोटोवर त्यांचा मुळातच विश्वास नव्हता. काय दाखवायचं ते काढणारा ठरवतो, असं म्हणून ते भेग नेहमी पेन्सिलीनं चितारायचे. एकदा दहीपुलाकडच्या एका अर्जासोबतचा फोटो ते सकाळी अर्धा तास बघत बसले. मग कपाटातून भद्रकालीच्या एका जुन्या अर्जाची फाइल काढून शेजारी ठेवली. दोन वेगळी घरं, दोन वेगळे मालक, आणि भेग एकच. तिच्या टोकाला बसलेली पालसुद्धा तीच. दोन्ही मालकांना त्यांनी एकाच वेळी ऑफिसात बोलावलं, समोरासमोर बसवलं आणि अगदी नम्रपणे विचारलं, "पाल कोणाची?"

मे महिन्यातला एक किस्सा मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. सराफ बाजाराच्या मागं एका माणसानं ओलीनं भिंत खचतेय म्हणून अर्ज केला होता. आम्ही गेलो तर खरोखर भिंत कमरेपर्यंत ओली, हात लावला की माती सुटत होती. मला दया आली. सरांनी भिंतीला हात लावला, मग खिडकीतून बाहेर पाहिलं. "गोदावरीत पाणी नाही," ते म्हणाले, "यांच्या भिंतीत कुठून आलं?" मालक पूर्वजांच्या विहिरीबद्दल काहीतरी सांगू लागला. "कुठून आलं ते मला कळेल. कोणी आणलं ते सांगा." आणि ते सरळ वरच्या मजल्यावर गेले. तिथं एक भलामोठा कूलर लावलेला होता, खोलीत माणूस राहत नव्हता, आणि कूलरची नळी भिंतीच्या पोटात खोल घातलेली होती. सरांनी नळी काढली, खाली पातेलं ठेवलं आणि मालकाला म्हणाले, "हे भरलं की झाडांना घाला."

ते बाहेर कोणाकडे चहा घेत नसत. नुसता चहा आला तर ठीक, सोबत बिस्किटं आली तर पाया तपासायचा, आणि चिवडा आला तर छपरावर चढल्याशिवाय यायचं नाही, असं त्यांनी मला बजावून ठेवलं होतं. हसू यायचं, पण खोटं कशाला सांगू, सहा महिन्यांत मीही तशीच झाले. मला बघायला म्हणून इंदिरानगरचं एक स्थळ आलं आणि आम्ही त्यांच्याकडे परत भेटीला गेलो. दिवाणखान्याला नवाकोरा रंग होता. सगळे बोलत असताना मी सोफ्याच्या मागं हात नेऊन नखानं रंग खरवडला. खाली ओल होती. मी आईला घरी येऊन नाही म्हणून सांगितलं. आई म्हणाली, कारण काय सांगू त्यांना? मी म्हटलं, भिंतीबद्दल खोटं बोलतात, बाकीचं कशाला विचारायचं. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

सरांच्या संशयातून आम्हीही सुटत नसू. संध्याकाळी जाताना ते फाइलच्या नाडीला स्वतःची एक खास गाठ मारत आणि सकाळी आल्यावर आधी गाठी बघत. टेबलावरची पेन्सिल कोणत्या दिशेला होती हे त्यांना आठवायचं. मला त्याचा कधीकधी वैताग यायचा. आपण कष्ट करतोय, रोज उन्हातान्हात यांच्यामागं शिडी घेऊन फिरतोय, आणि हा माणूस आपल्याकडे अजून सासर लपवल्यासारखं पाहतो, म्हणजे काय? एकदा रागानं मी विचारलंच, "सर, तुमचा कोणावर विश्वास आहे?" त्यांनी खरंच विचार केला. "होता," म्हणाले.

ते त्यांनी पुढं सांगितलं, तांबट आळीत. ही आळी सगळीच्या सगळी यादीत आहे. तांब्या-पितळेच्या दुकानांची एक रांग, पुढं सागवानी खांब, खांबांवर नक्षीची पट्टी, आणि सगळ्यांची छपरं एका रेषेत. नियम असा की ही रेषा मोडायची नाही, कारण रांगेतलं एक घर उंच झालं की बाकीची आपोआप बुटकी दिसू लागतात आणि मग प्रत्येकाला वर जावंसं वाटतं. आळीच्या तोंडाशी मात्र एक चार मजली इमारत आहे, निळ्या काचांची. सर आळीत शिरताना नेहमी रस्ता ओलांडून पलीकडून चालायचे. मी कारण विचारलं. "त्या मालकानं फक्त मागची भिंत दुरुस्त करायला परवानगी मागितली होती," ते म्हणाले. "आईची शपथ घेतली. मी शिफारस केली. मागची भिंत काढल्यावर माळा लटकला म्हणून माळा काढला, माळा काढल्यावर पुढचे खांब हलले म्हणून खांब काढले. खांब विकले. त्या फाइलवर माझा शेरा आहे, मॅडम. अजूनही आहे." एवढं बोलून ते त्या निळ्या काचांकडे न बघता पुढं निघाले.

त्याच रांगेत, मधोमध, वसंतकाका तांबटांचं दुकान. साठीचा, काटक माणूस. दिवसभर मागच्या भिंतीकडे पाठ करून बसायचा आणि पत्रा ठोकायचा. हंडा, घागर, बंब, जे काम असेल ते. बायको मंदाकाकू शेजारी बसून चिंचेनं भांडी उजळायच्या. दोघं वर माळ्यावरच राहायचे. मुलगी लग्न होऊन सिडकोत, जावई अंबडला कारखान्यात.

वसंतकाकांचा अर्ज आला आणि मी वाचूनच मनात म्हटलं, आता याचं काही खरं नाही. अर्जात लिहिलं होतं: मागच्या भिंतीला भेग गेली असून ती थोडी थोडी उतरवून, त्याच विटा वापरून पुन्हा बांधण्यास परवानगी मिळावी. फक्त मागची भिंत.

"फक्त मागची," सर मोठ्यानं वाचून म्हणाले.

आम्ही गेलो. सरांनी दारात वास घेतला. चिंच आणि कोळसा सोडून कसला वास नव्हता. भेग होती, जमिनीपासून माळ्यापर्यंत. सरांनी काच लावली आणि नेहमीप्रमाणे सांगितलं, "उद्या संध्याकाळपर्यंत ठोकाठोक नाही. सिमेंट धरलं पाहिजे." वसंतकाकांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी खरंच दुकान बंद ठेवलं. मी जाऊन बघून आले होते.

दीड महिन्यानं त्यांचा फोन आला, काच फुटली. आम्ही गेलो तर भिंतीवर दोन सिमेंटचे गोळे आणि मधे काहीच नाही.

"तुकडे कुठायत?"

"केरात गेले साहेब," मंदाकाकू म्हणाल्या. "इथं आम्ही अनवाणी वावरतो. काच ठेवायची का पायाखाली?"

आता हे वाक्य तुम्ही-आम्ही ऐकलं तर पटतं. सरांना ते पटण्यासारखं नव्हतं. भिंतीनं तोडलेल्या काचेला भेगेच्या रेषेत एक सरळ तडा जातो, हातोडीनं फोडलेली चांदणीसारखी फुटते. म्हणून त्यांना तुकडे हवे असायचे, आणि नेमके तेच नव्हते. त्यात वसंतकाकांच्या हातात त्या क्षणीही हातोडी होती. अर्थात ती त्यांच्या हातात चाळीस वर्षं होती, पण सरांनी ती ज्या नजरेनं पाहिली ती मी पाहिली.

आणखी एक गोष्ट त्यांना सलत होती. भिंतीच्या उजव्या कोपऱ्यात हंड्यांची उतरंड लावलेली होती, जमिनीपासून थेट तुळईपर्यंत. बाकीचा माल येत-जात होता. ती उतरंड आम्ही गेलो तेव्हा प्रत्येक वेळी तशीच, तीच, धूळ बसलेली.

"यामागं काय आहे?" सरांनी विचारलं.

"माल आहे साहेब."

"विकत का नाही?"

"गिऱ्हाईक नाय मोठ्या हंड्यांना," वसंतकाका म्हणाले, आणि त्यांनी मान खाली घालून ठोकायला सुरुवात केली.

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "हा माणूस लपवतोय." खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. सरांनी आत नवी काच लावलीच होती, पण त्यावर त्यांचं समाधान नव्हतं. त्यांनी ठरवलं, दुसरी एक काच लावायची, मालकाला न सांगता. भेग भिंतीच्या आरपार होती आणि भिंतीच्या मागं दोन घरांमधला अरुंद बोळ होता, तिथं मांजराशिवाय कोणी जात नसे. आठवड्याभरानं भर दुपारी आम्ही शिडी घेऊन त्या बोळात शिरलो. मी शिडी धरली, सर वर चढले आणि माळ्याच्या उंचीवर, कोणाचा हात जाणार नाही अशा ठिकाणी, त्यांनी काच बसवली. आत वसंतकाका काम करत होते. प्रत्येक ठोका भिंतीतून शिडीत आणि शिडीतून माझ्या तळहातांत येत होता. मला तेव्हा त्यात वेगळं काही वाटलं नाही. मला फक्त लवकर त्या घाणीतून बाहेर पडायचं होतं.

पावसाळ्याच्या शेवटी आतली काच पुन्हा फुटली. या वेळी काकूंनी तुकडे एका वाटीत जपून ठेवले होते. पण काच उंचावरून फरशीवर पडलेली, तिचा चुरा झालेला; ती फुटून पडली की पाडून फुटली, हे त्या चुऱ्यातून कळेना. सर मला बोळात घेऊन गेले आणि खालूनच विजेरीचा झोत वर टाकला. वरची काच अख्खी होती, स्वच्छ चमकत होती.

"बघा," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, हे मला सांगितलं पाहिजे. उलट त्यांना वाईट वाटल्यासारखं दिसलं. बहुतेक त्यांनाही मनातून वाटत होतं की हा माणूस खरा निघावा.

शेरा गेला: भेग जुनी व स्थिर आहे, अर्जदाराने काचपट्टीशी छेडछाड केल्याचे दिसते, दुरुस्तीच्या निमित्ताने इमारत उतरवण्याचा हेतू नाकारता येत नाही. अर्ज फेटाळला गेला.

वसंतकाका ऑफिसात आले. डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. "साहेब, मला काय पाडायचं नाही," ते म्हणाले. "पाडून जाऊ कुठं? मी त्या भिंतीकडं पाठ करून बसतो रोज. मागून माती पडते मानेवर. हिला सांगतो, तू पुढं बस, दारात. ती ऐकत नाही. एखाद दिवशी दोघं सापडू खाली, एवढंच म्हणणं आहे माझं."

"सगळे असंच म्हणतात," सर म्हणाले.

"सगळे म्हणत असतील. पण सगळ्यांची भिंत माझ्या मागं नाही ना."

सरांनी फाइलची नाडी बांधायला घेतली. वसंतकाका टोपी घालून गेले. मी समोर बसून होते. मला तेव्हा बोलायला हवं होतं, मी बोलले नाही. पुरावा आमच्या बाजूनं होता, आणि पुराव्यापुढं बोलायचं नाही हे मी सरांकडूनच शिकले होते.

पण ते वाक्य सरांच्या डोक्यातून गेलं नसावं. कारण आठ दिवसांनी त्यांनी मला सांगितलं, अचानक पाहणी करायची, हंडे काढून कोपरा बघायचा, आणि त्याआधी वरची काच काढून पुरावा म्हणून ताब्यात घ्यायची. त्यांच्या निवृत्तीला तेव्हा पाच महिने राहिले होते. सिंहस्थाच्या कामांनी ऑफिसात श्वास घ्यायला फुरसत नव्हती, कोणी या फाइलकडे पुन्हा पाहिलंही नसतं. त्यांना मात्र कोपरा बघायचा होता.

बोळात ते शिडीवर चढले. छिन्नी लावायला म्हणून त्यांनी डावा हात काचेवर ठेवला, आणि काच सुटून त्यांच्या हातात आली. अख्खी. डावीकडचा सिमेंटचा गोळा काचेला तसाच चिकटलेला, आणि त्याच्या मागं भिंतीचा एक कणही नाही. तो गोळा भिंतीला कधी धरलाच नव्हता. काच एकाच टोकावर लटकत होती; भिंत कितीही सरकली तरी ती फुटणार नव्हती. सरांनी भेगेत बोट घातलं. मग दुसरं घातलं. दोन्ही बोटं आरामात गेली.

ते शिडीच्या तिसऱ्या पायरीवर बसले. आतून ठोक्यांचा आवाज येत होता. त्यांनी तो ऐकला, हातातल्या काचेकडे पाहिलं, पुन्हा ऐकला. मला एकदम समजलं: त्या दिवशी ओलं सिमेंट धरण्याआधीच ठोक्यांनी सुटलं होतं.

"त्यांना बाहेर बोलवा," ते म्हणाले. "दोघांना. आधी ठोकणं थांबवा."

दुकानाबाहेर, रस्त्यावर उभं राहून, त्यांनी वसंतकाकांना सगळं सांगितलं. मागं काच लावल्याचं, न सांगता लावल्याचं, ती का फुटली नाही याचंही. मी त्यांना इतकं सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं. वसंतकाकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"एक दिवस दुकान बंद ठेव म्हणाला असता, तर ठेवलं असतं मी," ते म्हणाले. "पहिल्या वेळी ठेवलं होतं की नाय?"

"ठेवलं होतं."

"मग?"

सर आत गेले आणि स्वतः हंडे उतरवू लागले. मी मदतीला गेले. वसंतकाका "राहू द्या साहेब, राहू द्या" म्हणत मधे आले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर मला भीती दिसली. उतरंड अर्धी झाल्यावर मागचं दिसायला लागलं. एक जाडजूड सागवानी टेकू. खाली दगड, वर तुळईखाली लोखंडी पट्टी, मधे ठोकलेली पाचर. सगळा माळा आणि भिंतीचा उजवा भाग त्या एका लाकडावर तोललेला होता.

"जावयानं आणून दिला," वसंतकाका म्हणाले. "अर्ज करायच्या आधी. माती फार पडायला लागली तेव्हा. परवानगी मागितली तर तुम्ही नाही म्हणाल, असं सगळी आळी म्हणली. म्हणून हंडे लावले पुढं."

म्हणजे सरांचा संशय खरा होता. माणूस लपवतच होता. आणि तो जे लपवत होता, त्याच्याच आधारावर इतके महिने ती दोघं जिवंत होती. तो टेकू नसता, तर आमच्या अख्ख्या काचेवर भरवसा ठेवून आम्ही त्या दोघांना भिंतीखाली गाडलं असतं. मी हा विचार केला आणि मला तिथंच रडू आलं. काकूंनी मला पाणी दिलं.

पुढं परवानगी मिळाली, भिंत थोडी थोडी उतरली आणि जुन्याच विटांत पुन्हा चढली, रांगेची रेषा आजही मोडलेली नाही, हे आधीच सांगून टाकते. मला सांगायचं आहे ते त्या दुपारचं.

सर दुकानाच्या पायरीवर पंचनामा लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीशी थांबले. अडचण काय होती ते मला कळत होतं. यादीतल्या इमारतीत विनापरवानगी टेकू म्हणजे अनधिकृत बांधकाम. तसं लिहिलं, की फाइल कारवाईकडे जाणार. अनधिकृत काम आधी काढा, मग दुरुस्तीचं बोलू, असा नियम. टेकू काढला की भिंत बसणार. आणि टेकू लिहिलाच नाही, तर दुसरा कोणी येऊन पाहणारच. त्यांनी उभ्या नोकरीत कागदावर एक खोटी ओळ लिहिली नव्हती. भद्रकालीच्या पालीचासुद्धा त्यांनी फाइलमध्ये रीतसर उल्लेख केला होता.

ते उठून आत गेले. टेकूचं लाकूड जुनं, काळवंडलेलं होतं, पण पाचर नवी होती, पिवळीधमक. कोणीही एका नजरेत ओळखली असती. सरांनी वसंतकाकांच्या भट्टीतली मूठभर काजळी घेतली, पाण्याचे दोन थेंब टाकले आणि गुडघ्यावर बसून ती पाचरीला चोळली. मग फुंकर मारली, विजेरीच्या उजेडात पाहिलं, आणि पुन्हा चोळली. वसंतकाका आणि काकू दारात उभे होते. मला त्या माणसाची भीती वाटत होती, त्याच्या पेन्शनची काळजी वाटत होती, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्याबद्दल माया वाटत होती.

काळ्या झालेल्या हातांनी त्यांनी पंचनामा पुरा केला. आपला आधीचा शेरा चुकीचा होता, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. मग तो कागद माझ्यापुढं धरला.

"वाचून सही करा, मॅडम," ते म्हणाले. "पहिली ओळ खोटी आहे."

पहिली ओळ होती: आतील बाजूस असलेला सागवानी टेकू हा मूळ बांधकामाचाच भाग आहे. मी सगळा पंचनामा वाचला, पहिली ओळ दोनदा वाचली आणि सही केली. त्यांनी पिशवीतून माझ्या सहीचा एक जुना कागद काढला, दोन्ही सह्या शेजारी शेजारी धरून नीट ताडून पाहिल्या, आणि मगच पंचनाम्याची घडी घातली.